डॉक्टरीणबाईंचा सोफा

सोमवार, ३ फेब्रुवारी

ही वही औषधाच्या कंपनीची आहे. दातांच्या दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी आज दिली आणि सांगितलं, मुलीनं काय खाल्लं आणि कधी दुखलं ते रोज लिहायचं. पावणेपाच वर्षांची पोर खाऊन खाऊन किती खाणार? पानं पुष्कळ उरतील. उरलेल्यात मी माझं लिहीन. तसंही माझं ऐकायला घरात कुणाला सवड नसते.

तर आमच्या ठमाबाईंचे आठ दात किडलेत. कमरेवर हात ठेवून बोलते म्हणून ठमाबाई. वरचे पुढचे चार तपकिरी पडलेले मलाही दिसत होते, पण दाढांकडे कोण बघतं? डॉक्टरीणबाईंनी आरसा धरून दाखवल्या. चार दाढांत खड्डे. मी म्हटलं, दुधाचेच दात आहेत, आज ना उद्या पडायचेच. त्यावर त्यांनी मला पाढे शिकवावेत तसं समजावलं. पुढचे लवकर पडतात, पण दाढा दहा-अकराव्या वर्षापर्यंत असतात, नव्या दातांची जागा धरून ठेवतात. त्या काढाव्या लागल्या तर मागून येणारे वेडेवाकडे येतात, आणि तोवर पोरीनं चावायचं कशानं? आज चारही दाढा वाचण्यासारख्या आहेत. आतली नस साफ करून वर टोपी बसवायची. मात्र उशीर नको.

मग खर्चाचा कागद माझ्यापुढे सरकवला. तेवढ्या पैशात मी माझं दुकान थाटलं होतं, शिलाई मशीन धरून. ही, म्हणजे आमची बायको, शेजारी बसली होती, तिनं कागद उलटा करून मांडीवर ठेवला.

तेवढ्यात मला बाहेरचा सोफा आठवला. वाट बघताना त्याच्या स्प्रिंगनं मला दोनदा टोचलं होतं. मी सरळ विचारलं, बाई, तुमचे पेशंट आत येण्याआधीच कण्हत असतील, नाही का? त्या हसल्या. मी म्हटलं, सोफे मढवणं हाच माझा धंदा. सोफा आणि त्या दोन खुर्च्या मी नव्या करून देतो, तुम्ही पोरीचे दात करा. त्यांनी थोडा विचार केला आणि चक्क हो म्हणाल्या. फक्त कव्हर बदला, स्वच्छ दिसलं की पुरे, म्हणाल्या. मुलीला गुरुवारीच आणा, आपण सुरुवात करू.

मी सांगितलं, "आधी सोफा, मग दात. काम केल्याशिवाय मोबदला घ्यायची आमच्यात पद्धत नाही."

त्या म्हणाल्या, सोफ्याचं मागाहून झालं तरी चालेल. मी मान हलवली, पण ते काही माझ्या घशाखाली उतरलं नाही. फुकटात पोरीला खुर्चीत बसवायचं आणि सोफा नंतर देतो म्हणायचं, म्हणजे उधारीच झाली.

वाटेत ही म्हणाली, माझ्या भावाला विचारू का? मी म्हटलं, मेहुण्यापुढे हात पसरायचे दिवस अजून आले नाहीत. 

खाणं: रात्री दूध आणि पाव. दुखलं: नाही.

बुधवार, ५ फेब्रुवारी

दोन्ही खुर्च्या कालच झाल्या. आज सोफा उघडला. वरून कीर्तन आतून तमाशा! निम्म्या स्प्रिंगा मोडलेल्या, त्या कुणीतरी तारेनं बांधून टाकलेल्या. खालचे पट्टे कुजलेले. काथ्याचा भुगा झालेला, त्यावर फोमचे तुकडे कोंबलेले, आणि या सगळ्या उकिरड्यावर छान हिरवं कापड ताणलेलं. ज्यानं हे केलं तो मला भेटायला हवा.

माझे वडील म्हणायचे, वरचं कापड गिऱ्हाईकासाठी, आतलं काम आपल्यासाठी. नुसतं कव्हर बदलायचं तर दोन दिवसांचं काम आहे, मान्य. पण ते मी करणार नाही. सांगाड्यापासून नवं करीन. कारण मी वरवरचं केलं तर बाईही वरवरचं करतील. माझ्या पोरीच्या दाढेत घाण तशीच ठेवून वर टोपी बसवतील. माणसानं आत जसं द्यावं तसं आत मिळतं, यावर माझा विश्वास आहे. त्याला थोडे दिवस जास्त लागले तर लागू देत.

ही सकाळी पॅकिंगच्या कारखान्यात जाते ती संध्याकाळी येते, म्हणून ठमाबाई दिवसभर दुकानात माझ्याजवळ. सोफ्याचा उघडा सांगाडा हे तिचं घर झालंय. त्याच्या डाव्या हाताशी, कोपर टेकायच्या बाजूला, जो कोपरा आहे तिथे बसते आणि डबाही तिथेच खाते.

खाणं: दुपारी भाजलेलं मक्याचं कणीस, अर्धं. बराच वेळ लावला, शेवटी राहिलंच. दुखलं: विचारलं तर मान हलवली. हो की नाही ते कळलं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

उपाय सापडला. कापडानं मढवलेली बटणं सोफ्याच्या पाठीला लावतात, तसली माझ्याकडे जुनी उरलेली पुष्कळ आहेत. लाल, निळी, मखमलीची. ठमाबाईंची त्यांच्यावर कधीची नजर. काल सांगितलं, डबा संपवलास की एक बटण. पण संपवल्यावर हं, आधी नाही. काम केल्याशिवाय मोबदला नाही, हे पोरीला आत्तापासून कळलेलं बरं.

आज डबा पुसून काढल्यासारखा! अख्खं सफरचंद आणि पावाची कड. मी पट्टे ताणत होतो, मागे वळून बघतो तर डबा रिकामा पुढे करून उभी. शाब्बास म्हटलं आणि मखमलीचं बटण दिलं. तिनं ते गोळ्यांच्या रिकाम्या डबीत ठेवलं.

ही म्हणते, रात्री भिजवल्याशिवाय घास घेत नाही. अगं, माझ्याकडे अख्खं सफरचंद खाते! तू लाडावून ठेवलीस, दुसरं काय.

खाणं: वर लिहिलंय. दुखलं: नाही.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

डॉक्टरीणबाईंचा फोन. गुरुवारी का नाही आणलं? मी म्हटलं, सोफा व्हायचाय. त्या म्हणाल्या, तुम्ही सोफ्याचं काय घेऊन बसलात. मग विचारलं, काही दुखतंय का, कडक खाते का. मी वही समोर घेतली आणि वाचून दाखवली. शुक्रवारी सफरचंद. शनिवारी टोस्ट, तीन. रविवारी घरी होती, त्या दिवशी नुसती पेज. सोमवारी गाजर. त्या म्हणाल्या, गाजर? दाताला लागत नाही का? मी म्हटलं, नाही. मग थोडा धीर धरता येईल, पण या आठवड्यापलीकडे नको, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

वही लिहून ठेवायचा असा फायदा असतो. ही असती तर रडगाणं गाऊन त्यांनाही घाबरवलं असतं.

स्प्रिंगा बसल्या. प्रत्येक स्प्रिंग आठ बाजूंनी सुतळीनं बांधली. हल्ली एवढं कुणी करत नाही.

खाणं: गाजर, पाव, उकडलेलं अंडं. डबा रिकामा. दुखलं: नाही.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज गंमत झाली. माझी मोठी कात्री फळीवर पडलेली असते, तिच्यावर ठमाबाई गाल टेकून बसली होती. मी म्हटलं, काय ऐकतेस? कात्री काय म्हणते? तर म्हणाली, "गार आहे." मला वाटलं खेळतेय. दुपारी पुन्हा तेच, आणि संध्याकाळी कुलपाच्या दुकानातल्या लोखंडी तिजोरीला गाल लावून उभी. पोरांचे खेळ पोरांनाच माहीत.

आजकाल बडबडत नाही. शेजारचा कुलूपवाला म्हणाला, पोरगी शहाणी झाली. मीही तेच म्हणतो. काम बरं होतं.

खाणं: सफरचंद. रिकामा डबा. निळं बटण.

शनिवार, १५ फेब्रुवारी

काथ्या भरला, त्यावर कापूस, त्यावर गोणपाट. सोफ्याच्या दोन्ही हातांवरची जाडी सारखी जमेना म्हणून उजवा हात दोनदा उसवला. कुलूपवाला चहा घेऊन आला आणि बघत राहिला. म्हणाला, "दवाखान्याचा सोफा आहे का राजाचं सिंहासन? पोरीला घेऊन जा, सोफा मागनं जाईल चालत." मी म्हटलं, तू तुझी कुलपं बघ. हातचा चहा तसाच ठेवून गेला.

सगळ्यांना घाई. माझं काम कुणालाच कळत नाही. बरोबर आहे, ते आत असतं.

ठमाबाई पूर्वी माझी नक्कल करायची. मी बारीक खिळे ओठांत धरतो आणि एकेक काढून ठोकतो, तशी ती बटणं ओठांत धरून मला एकेक द्यायची. आज पाठीच्या बटणांना सुरुवात केली म्हणून मुद्दाम बोलावली, तर तोंड उघडेना. हातानंच दिली. म्हटलं, रुसलीस का?

खाणं: टोस्ट, गाजर. डबा रिकामा.

सोमवार, १७ फेब्रुवारी

हिनं सकाळी कामावर जायच्या आधी भांडण काढलं. पोरीच्या तोंडाला वास येतो. उजव्या गालाला हात लावू देत नाही. झोपेत कण्हते. आजच्या आज घेऊन जा. मी म्हटलं, फक्त पाठीची बटणं आणि कडेचा गोट राहिलाय, गुरुवारी सोफा आणि पोर एकदमच नेतो. आणि एवढं दुखत असतं तर काल-परवा माझ्यासमोर गाजर खाल्लं असतं का?

ती दारात थांबली. म्हणाली, "तुमच्या समोर, का तुमच्या पाठीमागे?"

मला हे फार लागलं. मी दिवसभर पोरीला सांभाळून काम करतो, तिच्याच दातांसाठी करतो, आणि वर हे ऐकायचं. म्हणाली, मी रजा मागते आणि मीच नेते. मी म्हटलं, ने ना, पण मग मोबदला काय देणार? तुझ्या भावाचे पैसे? त्यावर ती गेली. कारखान्यात आधी सांगितल्याशिवाय रजा मिळत नाही हे तिलाही ठाऊक आहे आणि मलाही.

मला थोडं वाईट वाटलं. ते इथे लिहून ठेवतो, तिला सांगणार नाही.

खाणं: डबा रिकामा. काय दिलं होतं ते विसरलो.

बुधवार, १९ फेब्रुवारी

झाला. हात फिरवला तर कुठे उंचवटा नाही. शेवटी बैठक आणि डावा हात यांच्यामधली फट राहिली होती, ती ठमाबाईंना उठवून आजच बंद केली. ती उठायला तयार नव्हती. बाबा, थोडी ठेव ना, म्हणाली. मी म्हटलं, तुझं घर आता डॉक्टरीणबाईंचं झालं. फट बंद होईपर्यंत बघत राहिली. बटण देऊ केलं तर घेतलं नाही.

उद्या सकाळी हातगाडी सांगितली आहे. बाईंना एकदा बसवून बघायचंय.

खाणं: डबा तसाच परत. तिच्या अंगात कसकस वाटते, हवा बदललीय.

गुरुवार, २० फेब्रुवारी

सकाळी पोरीचा उजवा डोळा उघडत नव्हता. गाल एवढा सुजला की ओळखू येईना. अंग तापलेलं.

डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि बसूही दिलं नाही, सरळ मोठ्या इस्पितळात पाठवलं. गाडीत त्या स्वतः बरोबर आल्या. दाढेतला पू गालात उतरलाय. आता मानेकडे गेला तर श्वासाचं अवघड होतं. हे त्यांनी हिला सांगितलं. मला नाही सांगितलं.

हातात सुई लावलीय. पोरगी रडत नाही, त्याचीच भीती वाटते.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

भूल देऊन आठही काढले. ज्या चार दाढा वाचणार होत्या त्याही. आतून सगळं पोखरलं होतं, ठेवण्यासारखं काही उरलं नव्हतं, म्हणाले. जिवावरचं दातांवर निभावलं असं सगळे म्हणताहेत.

पैसे मेहुण्यानं भरले. ऑफिसातून तसाच आला, मला काही विचारलं नाही, खिडकीशी जाऊन भरून आला. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

दुपारी मला तिथे बसवेना. ही पोरीच्या उशाशी होती, मला काही काम नव्हतं. दुकानात गेलो आणि हातगाडीवर सोफा घालून दवाखान्यात पोचवला. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. मी म्हटलं, बसून बघा. त्या म्हणाल्या, "अहो, तुम्ही मुलीजवळ जा." मी म्हटलं, एकदा बसा तरी. त्या बसल्या. चांगला झालाय, म्हणाल्या. मग दोन्ही हातांनी तोंड झाकून तिथेच बसून राहिल्या. मदतनीस बाईंनी मला दारापर्यंत सोडलं.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

घरी आणलं. ओठ आत गेलेत, म्हातारीसारखी दिसते. पुढचे दात वर्षा-दोन वर्षांत येतील. दाढांचं काय ते पुढचं पुढे, जागा धरून ठेवणारी तार नंतर बसवावी लागेल.

मी तिला जवळ घेऊन विचारलं, दुखत होतं तर सांगितलं का नाहीस? तिनं आईकडे बघितलं.

वही पहिल्यापासून वाचून काढली. एकही दिवस दुखल्याची नोंद नाही. गाजर, टोस्ट, सफरचंद, सगळं आहे. मग हे झालं कसं? खरं तर डॉक्टरांना विचारायला हवं की असं खाणाऱ्या पोरीला एवढा पू होतोच कसा. काहीतरी त्यांच्याच पाहण्यात राहिलं असणार. हिला वही दाखवायला गेलो तर तिनं हातात घेतली नाही.

रविवार, ९ मार्च

बरेच दिवस लिहिलं नाही. काय लिहिणार, पातळ पेज आणि दूध.

काल दवाखान्यातल्या मदतनीस बाईंचा फोन आला. चाचरत बोलल्या. सोफ्यातून मुंग्यांची रांग लागते आणि डाव्या बाजूला वास येतो, पेशंट तिथे बसत नाहीत. माझं टाळकंच फिरलं. म्हटलं, माझ्या सोफ्यात मुंग्या? नवा काथ्या, नवा कापूस, एक जुनी चिंधी आत ठेवलेली नाही. तुमच्याकडेच कुणी पोरानं काही सांडलं असेल. त्या म्हणाल्या, आम्ही रोज पुसतो हो.

आज दुकान बंद असतं, तरी सोफा परत आणवला. ठमाबाई माझ्या मागे मागे आली आणि ही तिच्या मागे. हल्ली ही पोरीला माझ्याबरोबर एकटी सोडत नाही. मी सोफा उलटा केला. डाव्या हाताखालचं कापड सोडवायला घेतलं तेव्हा ठमाबाई आईच्या पाठीमागे गेली.

हात आतून पोकळ असतो. खालचे खिळे काढले आणि सगळं माझ्या पायांवर पडलं.

पावाच्या कडा. टोस्ट, बुरशी आलेले. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडून आक्रसलेल्या. गाजरं. त्यावर मुंग्या. मी खाली बसलो आणि एकेक उचलून बघायला लागलो. बहुतेकांवर काहीच नव्हतं, तसेच्या तसे टाकलेले. काहींवर मात्र बारीक दातांच्या खुणा होत्या, एका कडेला, अगदी वरवर. एका गाजराच्या खुणेत तपकिरी डाग होता. तो गाजराचा नव्हता.

मी वहीत जे जे लिहिलं होतं ते सगळं तिथे होतं.

वर नजर केली तर ही माझ्याकडे बघत होती. मला वाटलं आता बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं.

ठमाबाई घराकडे पळाली, घर दुकानाच्या मागेच आहे, आणि परत आली ती गोळ्यांची डबी घेऊन. माझ्यासमोर फळीवर उपडी केली. लाल, निळी, मखमलीची, सगळी बटणं. एक घरंगळत खाली गेलं, ते वाकून उचललं आणि बाकीच्यांत ठेवलं.

म्हणाली, "हे परत घे, बाबा. मी काम केलं नव्हतं." शब्द दातांवाचून बोबडे येतात, पण मला सगळं कळलं.

मग म्हणाली, "थोडं थोडं चावलं होतं."

मी बटणं घेतली नाहीत. राहू दे म्हणालो, तुझीच आहेत. तिनं मान हलवली आणि हात मागे घेतले. काम केल्याशिवाय मोबदला नाही हे तिला मीच शिकवलंय, आता ती माझं थोडंच ऐकणार. बटणं अजून फळीवर आहेत. ही पोरीला उचलून घरात घेऊन गेली. मी जमीन झाडली, मुंग्या झाडल्या, आणि बराच वेळ त्या पोकळ हातात हात घालून बसलो, आणखी काही राहिलंय का ते बघत. कोपऱ्यात आणखी एक फोड होती.

खाणं: संध्याकाळी दुधात भिजवलेला पाव, अर्धा. बाकीचा नको म्हणाली. दुखलं: थोडं. मी समोर बसून बघितलं.